डेटाबेसचं पुस्तक घेताय? आधी नलचं पान उघडा

मी दूध संघाच्या संगणक विभागात काम करते, त्यामुळे एक प्रश्न माझ्याकडे नेमाने येतो. विभागात नवीन लागलेली पोरं विचारतात, गावच्या संस्थांचे सचिव आपल्या मुलांसाठी विचारतात, पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा विचारतो: "डेटाबेस शिकायचाय, कुठलं पुस्तक घेऊ?" मी नाव सांगत नाही. आज चांगलं असलेलं पुस्तक तीन-चार वर्षांत शिळं होतं, आणि एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडेलच असं नाही. पुस्तक पारखायचं कसं ते मात्र सांगते. दुकानात उभ्याउभ्या होण्यासारखं काम आहे, फक्त पानं कुठली उघडायची ते माहीत हवं.

आधी सॉफ्टवेअर ठरवा

नुसता "डेटाबेस" कोणी शिकत नाही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट यांपैकी एक काहीतरी शिकतो. डेटाबेसशी बोलायची भाषा सगळ्यांची एकच, एसक्यूएल. १९७० साली आयबीएमच्या टेड कॉडने ओळी-रकान्यांच्या टेबलांचा विचार मांडला, १९७४ मध्ये तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी त्यावर भाषा बसवली, १९८६ मध्ये अमेरिकेत तिचं प्रमाणीकरण झालं. पण प्रमाण एक असलं तरी बोली वेगळ्या राहिल्या. यादीतल्या पहिल्या दहाच ओळी हव्या असतील तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये लिमिट लिहितात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये टॉप, आणि ओरॅकलच्या जुन्या पुस्तकांत रोनमची (ROWNUM, म्हणजे ओळीच्या क्रमांकाची) कसरत दिसते. १२सी या आवृत्तीपासून ओरॅकलमध्येही फेच फर्स्ट आलं. एवढ्याशा गोष्टीत इतका फरक असेल तर "सर्व डेटाबेससाठी एकच पुस्तक" असं छापलेलं काय कामाचं? नवशिक्याला ते प्रत्येक पानावर थांबवतं.

म्हणून नोकरी लागलेली असेल तर ऑफिसात काय चालतं ते विचारा आणि त्याचंच पुस्तक घ्या. कॉलेजात असाल तर प्रॅक्टिकलला जे आहे तेच. दोन्ही नसेल, निव्वळ स्वतःहून शिकत असाल, तर माझं मत पोस्टग्रेस. फुकट आहे, चुकलं की ठणकावून सांगतं, आणि प्रमाण एसक्यूएलच्या बऱ्यापैकी जवळ आहे. लॅपटॉप जुना असेल, सर्व्हर वगैरे बसवायचा कंटाळा असेल, तर एसक्यूलाइटने सुरुवात करा. एकच फाइल असते. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही तेच चालतं. मात्र त्यात युजर, पासवर्ड, परवानग्या हा भाग नाहीच, आणि आकड्याच्या रकान्यात अक्षरं घातली तरी ते सहसा मुकाट्याने ठेवून घेतं. २०२१ पासून त्यात असं नाकारणाऱ्या स्ट्रिक्ट टेबलाची सोय आली आहे. एसक्यूलाइटचं पुस्तक घेतलंत तर त्यात तिचा उल्लेख आहे का ते बघा, म्हणजे पुस्तक किती ताजं तेही कळेल.

आवृत्ती: पुस्तकाची आणि तुमची

दुकानात जाण्याआधी मशीनवर एक ओळ चालवा: सिलेक्ट व्हर्जन, पुढे रिकामा कंस. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्हींत चालते. जे उत्तर येईल ते कागदावर लिहून घ्या.

इथेच पहिला घोटाळा होतो. आपली पोरं ज्याला एक्सॅम्प म्हणतात ते वेबसाइट बनवायचं तयार पॅकेज टाकून "माझ्याकडे मायएसक्यूएल आहे" असं सांगतात. २०१५ पासून त्यात मायएसक्यूएल नाही, मारियाडीबी येतं. व्हर्जनच्या उत्तरात दहा पॉइंट काहीतरी आणि पुढे मारियाडीबी असं दिसलं की समजा. दोन्ही एकाच माणसाच्या हातची. मॉंटी विडेनियसने एकाला थोरल्या मुलीचं नाव दिलं, माय, आणि दुसऱ्याला धाकटीचं, मारिया. सुरुवातीच्या धड्यांना फारसा फरक पडत नाही. पुढे युजर, जेसन (माहितीच्या देवाणघेवाणीचा एक साचा) आणि नव्या सोयी आल्या की दोघी बहिणी वेगळ्या वाटेने जातात.

आता पुस्तकाचं वय. मुखपृष्ठावरच्या "न्यू एडिशन"कडे बघू नका. शीर्षकाच्या पानामागे कॉपीराइटचं वर्ष असतं आणि त्याखाली पुनर्मुद्रणाची वर्षं असतात. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त भारतीय आवृत्त्यांत कितवंतरी पुनर्मुद्रण अगदी अलीकडचं असतं, मजकूर मात्र दहा वर्षांपूर्वीचा. कॉपीराइटचं वर्ष धरा, छपाईचं नको.

तेही सापडत नसेल तर मजकूरच वय सांगतो. मायएसक्यूएलच्या पुस्तकात खालच्या गोष्टी शोधा.

युजर तयार करायचा धडा काढा. ग्रांट (परवानगी द्यायची आज्ञा) लिहून त्याच ओळीत आयडेंटिफाइड बाय (पासवर्ड) लावून नवा युजर बनवला असेल, तर पुस्तक ८.० च्या आधीचं. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या ८.० ने ती पद्धत काढून टाकली. आता आधी क्रिएट युजर, मग ग्रांट. जुनं पुस्तक घेऊन बसलेला मुलगा इथे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातच अडकतो, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

विंडो फंक्शन आणि विथ (आधी तात्पुरती यादी करून पुढे वापरायची सोय) वापरून लिहिलेल्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, आहेत का बघा. मायएसक्यूएलमध्ये दोन्ही ८.० पासूनच आल्या. प्रत्येक सभासदाच्या दुधाची तारखेगणिक चढती बेरीज काढायची असेल तर विंडो फंक्शनने ते एका ओळीचं काम आहे. जुन्या पुस्तकात त्यासाठी अर्धं पान खर्ची पडलेलं असतं.

चेक या बंधनाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आमच्या धंद्यातलं उदाहरण देते: फॅट ७.० च्या ऐवजी कोणी ७० टाइप केलं तर टेबलाने ते नाकारायला हवं. म्हणून फॅट ० ते १५ च्या मध्येच असा चेक लावायचा. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी हे बंधन वाचून घेत असे आणि पाळत मात्र नसे. चूकही दाखवत नसे. ही गोष्ट सांगणारं पुस्तक हातात आलं तर लेखकाने हाताने काम केलंय असं खुशाल समजा.

पुस्तकात पीएचपी या वेबसाइटच्या भाषेबरोबर जोडणी असेल आणि तिथे मायएसक्यूएल कनेक्ट हे जुनं फंक्शन असेल, तर ते पुस्तक जागेवर ठेवा. पीएचपी ७ मध्ये, २०१५ अखेरीला, ते काढून टाकलं.

पोस्टग्रेसचं सोपं आहे. १० पासून, म्हणजे २०१७ पासून, दर वर्षी एक पूर्ण आकडा वाढतो आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं पाठिंबा मिळतो. ९.४, ९.६ असे आकडे पुस्तकावर असतील तर ते त्याआधीचं. १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये साध्या युजरला पब्लिक स्कीमात, म्हणजे टेबलांच्या सामायिक कप्प्यात, टेबल बनवता येत नाही, आधी परवानगी द्यावी लागते. जुन्या पुस्तकातलं पहिलंच क्रिएट टेबल तिथे नाकारलं जातं. ओरॅकलमध्ये ११जी च्या पुस्तकावरून १२सी किंवा त्यापुढच्यावर युजर बनवायला गेलात की ओआरए ६५०९६ ही चूक सहसा येते, कारण मधल्या काळात एका डेटाबेसच्या पोटात अनेक डेटाबेस अशी रचना आली.

हे सगळं वाचून जुनं पुस्तक म्हणजे रद्दी असं समजू नका. सिलेक्ट (माहिती काढणं), जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गटवार हिशोब) यांचं वय होत नाही. इन्स्टॉलेशन, युजर, परवानग्या आणि बॅकअप यांचं होतं. आणि तुमच्या ऑफिसातच अजून ५.७ चालत असेल तर? चालतं हो, बऱ्याच ठिकाणी. अधिकृत पाठिंबा ऑक्टोबर २०२३ ला संपला तरी सॉफ्टवेअर बनवून देणारा माणूस हात लावू देत नाही. अशा वेळी ५.७ चं जुनं पुस्तकच तुमच्या उपयोगाचं, आणि ते सेकंडहँड मिळतं.

दुकानात उघडायची पानं

वय जुळलं की मग पुस्तकाची खरी परीक्षा. अनुक्रमणिका बघू नका. सगळ्या पुस्तकांची अनुक्रमणिका सारखीच असते. मागची शब्दसूची उघडा आणि नल शोधा.

नल म्हणजे माहिती नाही. शून्य नव्हे, रिकामी जागा नव्हे. ऐकायला क्षुल्लक, पण डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाचं निम्मं डोकं इथेच जातं. सकाळच्या पाळीला फॅट मशीन बंद पडलं, दूध घेतलं पण फॅट लागली नाही. टेबलात काय भरणार? समजा तीन सभासदांची गाईच्या दुधाची फॅट आहे ४.०, ४.२ आणि तिसऱ्याची नल. सरासरी काढली तर ४.१ येते, कारण सरासरी काढताना नल धरलाच जात नाही. तिसऱ्याच्या जागी कोणी शून्य भरलं असेल तर सरासरी येते २.७३. संस्थेच्या दरावर वाद व्हायला एवढा फरक पुरे.

चांगल्या पुस्तकात नलला शब्दसूचीत पाच-सहा तरी पानांचे आकडे असतात, कारण तो जॉइनमध्ये येतो, सरासरीत येतो, क्रम लावताना येतो, तुलनेत येतो. एकच आकडा असेल तर लेखकाने व्याख्या देऊन विषय मिटवलाय. नलला बरोबर चिन्हाने शोधता येत नाही, इज नल लिहावं लागतं, हे तर सगळे सांगतात. त्याच्या पुढचं बघा. दूध न घातलेले सभासद शोधायला कोणी नॉट इन लिहिलं, आणि संकलनाच्या टेबलात एका ओळीत सभासद क्रमांक नल राहिला असेल, तर यादीत एकही नाव येत नाही. चूक नाही, इशारा नाही, नुसती रिकामी यादी. ही जागा पुस्तकात दाखवली असेल आणि नॉट एक्झिस्ट्स वापरा असं सांगितलं असेल, तर पुस्तक काउंटरकडे न्यायला हरकत नाही.

मग लेफ्ट जॉइनचं पान काढा. डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवून उजवं टेबल जोडायची ही पद्धत. इथे वर्तुळांची चित्रं असतील, एकमेकांत शिरलेली. मला ती आवडत नाहीत. त्या चित्रातून एका सभासदाच्या दहा ओळी कशा होतात ते कधीच कळत नाही. मला हवं असतं दोन छोटी टेबलं शेजारी-शेजारी आणि खाली उत्तराचं टेबल, ओळ न् ओळ छापलेलं. आणि त्याच धड्यात एक सापळा दाखवलेला हवा: लेफ्ट जॉइन केल्यावर उजव्या टेबलाची अट व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या भागात, टाकली की न जुळलेल्या ओळी गळून पडतात आणि लेफ्ट जॉइन नावापुरता उरतो. अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या भागात, टाकायची. दहा दिवसांच्या बिलाच्या यादीत "या दहा दिवसांत दूध नाही" असे सभासद दिसायलाच हवेत. ते गायब झाले की सचिवांचा फोन येतो.

जॉइन ऑन न लिहिता टेबलांची नावं स्वल्पविरामाने देऊन जोडणी व्हेअरमध्ये केलेली दिसली, तर ती पद्धत १९९२ च्या प्रमाणाच्या आधीची. चालते अजून. पण पुस्तकभर तीच असेल तर नको.

ग्रुप बायच्या धड्यात एक बारीक तपासणी. सभासदवार बेरीज काढताना सिलेक्टमध्ये तारीखही लिहिली असेल आणि ग्रुप बायमध्ये ती नसेल, तर ती तारीख कुठली? कुठलीही. मायएसक्यूएल ५.७ च्या आधी असं बिनबोभाट चालायचं, आता १०५५ क्रमांकाची चूक येते. ज्या पुस्तकात असली क्वेरी उदाहरण म्हणून छापली आहे ते तुम्हाला वाईट सवय लावणार.

पैशांचा रकाना कुठल्या प्रकारचा ठेवलाय तेही बघा. क्रिएट टेबलच्या पहिल्या उदाहरणात किंमत किंवा पगार फ्लोट असेल तर लेखकाने कधी हिशोब जुळवलेला नाही. फ्लोटमध्ये दशांश अंदाजे साठतात. हजारो ओळींची बेरीज झाली की पैसे मागे-पुढे होतात आणि लेखापरीक्षक पैशा-पैशाचा जाब विचारतो. पैशाला डेसिमल, त्यात दशांश नेमके साठतात.

शेवटी ट्रान्झॅक्शन. बिल जमा करताना उचल वजा होते, पशुखाद्याची कपात होते, मग रक्कम बँकेच्या यादीत जाते. मधेच वीज गेली तर तिन्ही गोष्टी व्हायला हव्यात किंवा एकही नको. कमिट (बदल पक्के करणं) आणि रोलबॅक (मागे घेणं) यांना पुस्तकाने किती जागा दिलीय बघा. शेवटच्या धड्यात दीड पान असेल तर ते पुस्तक वाचण्यापुरतं, काम करण्यापुरतं नाही. डिलीट चालवण्याआधी त्याच अटीने सिलेक्ट चालवून बघा, असं कुठेतरी लिहिलेलं सापडलं तर मी लेखकाला मनातल्या मनात नमस्कार करते.

या सगळ्या पानांत मी एकच गोष्ट हुडकत असते: पुस्तक चुकलेली क्वेरी दाखवतं का? एररचा मजकूर छापलाय का, तो वाचायचा कसा ते सांगितलंय का? कामावर तुम्हाला रोज एररच दिसणार आहेत. सगळ्या क्वेरी पहिल्या फटक्यात बरोबर चालणारं पुस्तक वाचायला सुखाचं असतं, पण ते मिटल्यावर माणूस एकटा पडतो.

मराठी अक्षरांची कसोटी

ही कसोटी परदेशी परीक्षणांत सापडणार नाही, कारण तिथे कोणाला गरज नाही. आपल्याला आहे. सभासदांची नावं देवनागरीत ठेवायची असतात.

देवनागरीचा प्रत्येक घटक, म्हणजे अक्षर, मात्रा आणि हलन्तही, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतो. ज्ञानेश्वर या नावात असे दहा घटक आहेत, म्हणजे तीस बाइट. ओरॅकलमध्ये व्हारचार-२ चा, म्हणजे मजकुराचा, रकाना वीसचा केला तर मूळ सेटिंगमध्ये ते वीस बाइट धरले जातात, आणि ज्ञानेश्वर त्यात मावत नाही; ओआरए १२८९९ येते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये तोच वीस म्हणजे वीस घटक, तिथे नाव आरामात बसतं. ओरॅकलच्या पुस्तकात बाइट आणि चार यांतला फरक सांगितलाय का बघा.

एसक्यूएल सर्व्हरचं पुस्तक असेल तर एनव्हारचार (सगळ्या लिप्यांच्या मजकुराचा रकाना) आणि मजकुराआधी लावायचं एन अक्षर शोधा. ते एन विसरलं की साधारणपणे मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते, आणि एकदा साठली की मूळ नाव परत मिळत नाही. मायएसक्यूएलच्या जुन्या पुस्तकांत लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांपुरती) हीच नेहमीची सेटिंग असायची, ८.० पासून यूटीएफ-८ एमबी-४ आली. त्यातल्या त्यात हेही लक्षात ठेवा की मायएसक्यूएलमधलं जुनं नुसतं यूटीएफ-८ तीन बाइटांपुरतंच आहे. मराठी त्यात बसतं, इमोजी बसत नाहीत. तक्रारींच्या टेबलात कोणी हात जोडलेला इमोजी टाकला की गाडी तिथेच थांबते.

शब्दसूचीत कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) किंवा कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचे नियम) यांपैकी एकही शब्द नसेल तर हे पुस्तक आपल्यासाठी अपुरं.

नमुन्याचा डेटा

पुस्तकभर कुठल्या टेबलांवर काम केलंय ते बघा. ओरॅकलच्या जुन्या पुस्तकांत स्कॉटची एम्प आणि डेप्ट असतात: चौदा कर्मचारी, चार विभाग. मायएसक्यूएलवाले सकिला वापरतात, डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दुकानाची. मायक्रोसॉफ्टची नॉर्थविंड, खाद्यपदार्थांच्या व्यापाऱ्याची. डीव्हीडीचं दुकान आमच्या नव्या पोरांनी पाहिलेलंही नाही, पण ते असो. चौदा ओळींचं टेबल शिकायला उत्तम, कारण उत्तर बोटावर मोजून पडताळता येतं. इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, का लावायचा हे मात्र चौदा ओळींवर कधीच कळणार नाही, तिथे सगळंच झटपट होतं. म्हणून दोन्ही असलेलं पुस्तक घ्या: आधी लहान टेबलं, पुढे लाखभर ओळींचा नमुना. तो जिथून उतरवायचा तो पत्ता दुकानातच फोनवर उघडून बघा. पत्ता मेलेला असेल तर पुस्तकाचा पुढचा अर्धा भाग मेलेला.

पाहायचंच असेल तर पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेचा पहिला भाग बघा, फुकट आहे. तीन छोटी प्रकरणं आहेत. हवामानाचं टेबल घेतलंय, त्यात अवघ्या तीन ओळी: दोन सॅन फ्रान्सिस्कोच्या, एक हेवर्ड गावाची. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दिवसाचा पाऊस शून्य आहे आणि हेवर्डचा पाऊस नल आहे. म्हणजे एका ठिकाणी पाऊस पडला नाही, दुसऱ्या ठिकाणी माहीत नाही. शिवाय हेवर्डची नोंद शहरांच्या टेबलात नाही, त्यामुळे तीच ओळ पुढे आउटर जॉइन शिकवायला कामी येते. तीन ओळींत एवढं बसवणाऱ्याला विषय कळलेला आहे. पुस्तक विकत घेण्याआधी हा भाग वाचा. मग दुकानातल्या पुस्तकाकडे मोजून बघण्याची नजर येते.

जाड, बारीक, मराठी, इंग्रजी

अभियांत्रिकीच्या पोरांकडे सिल्बरशॅट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचं जाडजूड "डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स" असतं. त्यातले सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. पुस्तक थोर आहे, पण ते डेटाबेस आतून कसा चालतो ते शिकवतं. उद्या सकाळी बिलाची यादी काढायची आहे त्याने तिथून सुरुवात करू नये. परीक्षेची गाईडं परीक्षेपुरती. मुलाखतीच्या प्रश्नोत्तरांची पुस्तकं तर मी हातातही घेत नाही. "चोवीस तासांत", "एकवीस दिवसांत" असल्या नावांवरून मात्र पुस्तक टाकून देऊ नका. नाव प्रकाशकाचं असतं, कधीकधी आतला लेखक चांगला निघतो. नलचं पान उघडून बघा.

चारशे पानांच्या आसपासचं पुस्तक पुरे. हजार पानांचं असेल तर त्यात निम्मी पानं आज्ञा-फंक्शनांच्या यादीची असतात, आणि ती यादी तुमच्या आवृत्तीची अधिकृत माहितीपुस्तिका फुकट देते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती वाटते. माझं म्हणणं असं की संकल्पना मराठीतून समजून घ्या, कोणाकडून तरी, क्लासमध्ये, व्हिडिओवरून, कशाही. पण पुस्तक घेताना भाषेआधी आवृत्ती बघा. मराठी पुस्तक तुमच्या आवृत्तीचं असेल तर आनंदाने घ्या. नसेल तर उदाहरणं भरपूर आणि मजकूर कमी असलेलं इंग्रजी पुस्तक निवडा. कुठलंही पान उघडा. एका परिच्छेदात चार-पाच वाक्यं आणि लगेच क्वेरी, असं दिसलं तर जमेल. दोन पानं सलग मजकूर असेल तर राहू द्या.

कुठे घ्यायचं

पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक, मुंबईत असाल तर माटुंग्याचं किंग्ज सर्कल किंवा फोर्टातल्या फुटपाथवरची दुकानं. जुन्या आवृत्त्या तिथे पडून असतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे कधीकधी जुनीच हवी असते. ओरायलीची प्राण्यांच्या चित्राची पुस्तकं मुंबईच्या श्रॉफ पब्लिशर्सच्या भारतीय छपाईत मूळ किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. आतली छपाई काळी-पांढरी असते, क्वेरी वाचायला रंग लागत नाहीत. ऑनलाइन घेणार असाल तर नमुन्याची पानं उघडा. बहुतेक ठिकाणी पहिलं प्रकरण दाखवतात आणि पहिलं प्रकरण सगळ्यांचं गोडच असतं. शब्दसूची दिसते का ते बघा. तारे किती मिळाले यापेक्षा एक-दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. "पान अमुकवरची क्वेरी चालत नाही" अशी तक्रार असेल तर ती सोनं. "पार्सल उशिरा आलं" असेल तर सोडून द्या.

घरी आणल्यावर

पुस्तकातल्या क्वेरी कॉपी करू नका, हाताने टाइप करा. स्वल्पविराम विसरल्यावर येणारा एरर हाही धड्याचाच भाग आहे. तिसऱ्या धड्यानंतर पुस्तकाची टेबलं बाजूला ठेवून स्वतःची करा. आमच्याकडे आलेल्या पोरांना मी तीन टेबलं बनवायला सांगते: सभासद, संकलन, दरपत्रक. तुम्ही किराणा दुकानाची उधारी घ्या, सोसायटीचा मेंटेनन्स घ्या, भजनी मंडळाची वर्गणी घ्या. एक तरी आकडा मुद्दाम माहीत नाही असा ठेवा, आणि एक तरी माणूस असा ठेवा ज्याची दुसऱ्या टेबलात नोंदच नाही. मग पुस्तकातली प्रत्येक क्वेरी या टेबलांवर चालवून उत्तर वहीत हाताने काढलेल्या उत्तराशी ताडून बघा.

पाचव्या धड्यापर्यंत पोचेतो पुस्तक आणि तुमचं मशीन यांचं दोन-तीनदापेक्षा जास्त बिनसलं, तर पुस्तक बदला. परत घेत असतील तर परत करा, नाहीतर ज्याच्याकडे ती आवृत्ती आहे त्याला द्या.

दुसरं पुस्तक कधी घ्यायचं तेही विचारतात. क्वेरी बरोबर उत्तर देते पण चहा पिऊन येईपर्यंत चालते, अशी वेळ आली की. तोवर एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) हा शब्द तुमच्या कानावर आलेला असेल. त्या वेळी फक्त इंडेक्स आणि एक्सप्लेनवरचं, तुमच्याच सॉफ्टवेअरचं बारीक पुस्तक घ्या. त्याची पारख करताना एवढंच बघा की तारखेच्या रकान्यावर फंक्शन लावून अट लिहिली तर साधा इंडेक्स का वापरला जात नाही, याचं उत्तर त्यात आहे का.